सुट्या भागांची डबी

पाण्याखाली जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय काय असते, असे मला कॉलेजात पुष्कळदा विचारतात. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या वस्तू असतात: पाठीवरची हवेची टाकी, डोळ्यांवरचा काचेचा मास्क, पायांतले लांबलचक फिन, मनगटावरचे खोली सांगणारे यंत्र. या वस्तू लागतात हे खरे, आणि छायाचित्रात दिसतात त्याही ह्याच. पण माझ्या पिशवीतली जी वस्तू मी सर्वांत आधी भरतो, ती कोणत्याही छायाचित्रात येत नाही. ती म्हणजे पोळीभाजीच्या डब्याएवढी एक प्लॅस्टिकची डबी. तिच्यात सुटे भाग असतात.

बेळगाव हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. पण समुद्र आपल्याला परकाही नाही. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ ओलांडले की मालवण येते. दक्षिणेकडे गेले तर कारवार, होन्नावर करीत मुर्डेश्वर, आणि तेथून होडीने सुमारे १९ किलोमीटरवर नेत्राणी बेट. पावसाळा सरून समुद्र निवळला की दोन्हीकडे बुड्या मारणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. आपल्या कॉलेजातली मुलेमुलीही आता तिकडे जाऊ लागली आहेत. म्हणून या डबीविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

आत काय असते ते आधी सांगतो. मास्कचा एक जादा पट्टा. फिनचा एक पट्टा आणि त्याचे बक्कल. श्वास घेताना दातांत धरायचा रबरी माउथपीस, आणि तो जागेवर बांधून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ज्यांना वायरमन लोक केबल टाय म्हणतात. मनगटी यंत्राचा एक चपटा सेल. सिलिकोन ग्रीसची करंगळीएवढी नळी. दोन-तीन एलन की, एक लहान पाना, दात घासायचा एक जुना ब्रश. आणि एका पारदर्शक पुडीत निरनिराळ्या मापांची काळी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंगा. इंग्रजी बोलणारे पाणबुडे या सगळ्याला 'सेव्ह-अ-डाइव्ह किट' म्हणतात. बुडी वाया जाऊ न देणारी पेटी. नाव मोठे ऐटबाज आहे. पण झाकण उघडून पाहिले तर सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात आणि या डबीत फारसा फरक दिसणार नाही.

मला स्वतःला मात्र सायकलवाल्यापेक्षा आजीची आठवण अधिक होते. आमच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता तेव्हा तिच्या फडताळात बिस्किटांचा एक जुना डबा असे. त्यात स्टोव्हच्या पिना आणि पंपाचा कातडी वायसर ठेवलेला असे. पाहुणे ओसरीवर बसलेले, चहाचे आधण ठेवलेले, आणि पंप हवा धरीनासा झाला, की घरात एकच धांदल उडे. आजी मात्र काही न बोलता डबा काढी, वायसर तेलात बुडवी आणि बसवून टाकी. "जरा पिन आहे का हो?" अशी हाक शेजारच्या घरातूनही येई. त्या डब्यातल्या निम्म्या पिना आमच्या स्टोव्हला कधी लागल्याच नसतील, शेजाऱ्यांच्याच लागल्या.

समुद्रावर धांदल अशीच उडते. फक्त तेथे शेजारी दुकान नसते. पाण्याखाली जाण्याचे बेत मोठ्या कारणांनी मोडतात असे आपल्याला वाटते: वादळ येईल, होडीचे यंत्र बंद पडेल, कोणी आजारी पडेल. अनुभव असा, की बहुतेक वेळा बेत मोडतो तो बोटाच्या अंगठीएवढ्या वस्तूने. ही वस्तू म्हणजे ओ-रिंग. तिचे काम नीट कळले, की डबी कशासाठी हे कळते.

टाकीत हवा साधारण २०० बार दाबाने भरलेली असते, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दोनशे पट दाबाने. मोटारीच्या चाकातली हवा दोन-सव्वादोन बारची असते, यावरून कल्पना करावी. एवढ्या दाबाची हवा फुप्फुसात घेता येत नाही. म्हणून मध्ये रेग्युलेटर बसवलेला असतो. त्याचा टाकीवरचा पहिला टप्पा हा दाब पुष्कळच खाली, भोवतालच्या पाण्यापेक्षा आठ-दहा बार जास्त इतक्यावर आणतो. तोंडातला दुसरा टप्पा तो आणखी उतरवून पाण्याच्या दाबाइतका करतो आणि आपण श्वास ओढू तेव्हाच हवा देतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे यंत्र सिद्ध केले. गान्यां हा गॅस उद्योगातला अभियंता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्याची खटपट चालली होती, आणि त्यासाठी त्याने केलेली झडप या कामी उपयोगी पडली. म्हणजे पाणबुड्याचे श्वासयंत्र जन्मले तेच मुळी दुसऱ्या कशाच्या तरी सुट्या भागातून!

आता टाकीचे तोंड आणि रेग्युलेटर जेथे भेटतात तेथे धातूवर धातू कितीही आवळला तरी सूक्ष्म फट राहतेच. ती बुजवायला एका खाचेत ओ-रिंग बसवलेली असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेनसेन या डॅनिश यंत्रज्ञाने १९३७ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९३९ साली त्याला पेटंट मिळाले. तिची युक्ती फार सुंदर आहे. हवेचा दाब वाढला की कडे खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर रेटले जाते आणि फटीच्या तोंडाशी चेपून बसते. ज्या दाबाने हवा पळून जाऊ पाहते, त्याच दाबाने तिची वाट बंद होते. दाब जितका अधिक, तितका बंदोबस्त पक्का.

पण हे सारे कडे अखंड, स्वच्छ आणि लवचिक असेल तरच. एक केस, वाळूचा एक कण, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काढताना पडलेला एक ओरखडा, आणि हा बंदोबस्त संपतो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर सव्वा मिनिटात नष्ट झाले आणि सात अंतराळवीर गेले. कारण निघाले ते रॉकेटच्या जोडातली, थंडीने ताठरलेली ओ-रिंग. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तरी तो लगेच मूळच्या आकाराला आला नाही. आमच्या उष्ण समुद्रात रबर असे गारठत नाही. मात्र ऊन, मीठ आणि वर्षे ही त्याचे तेच करतात.

ही कडी आणायला मला मुंबईला जावे लागले नाही. आपली उद्यमबाग ओतकामासाठी आणि हायड्रॉलिक यंत्रांसाठी ओळखली जाते, आणि हायड्रॉलिक म्हटले की ओ-रिंग आलीच. तिथल्या एका दुकानात मी माप सांगितले: योक पद्धतीच्या टाकीच्या तोंडाला लागणारी ०१४ नंबरची, आतला व्यास साधारण साडेबारा मिलिमीटर, जाडी पावणेदोन.

"सत्तरची पाहिजे का नव्वदची, सर?" दुकानदाराने विचारले. हा आकडा रबराच्या कडकपणाचा.

"नव्वदची."

"कुठल्या मशीनला?"

"मशीनला नाही हो. समुद्रात खाली जायला."

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिले आणि पुडी बांधता बांधता म्हणाला, "मग दहा घेऊन जावा की, सर. एक घेऊन समुद्रात जातात व्हय?"

प्रवासात सुटे भाग का न्यावेत, यावर मी पुढे बरेच काही वाचले. पण त्या दुकानदाराच्या बोलण्यावर कोणी फारशी भर घातलेली नाही. दहा कड्यांची किंमत दहा कप चहाहून अधिक झाली नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की ही साध्या हवेसाठी. शुद्ध प्राणवायूशी संबंध येणार असेल तर कडीही वेगळी लागतात आणि ग्रीसही वेगळे. तेथे घरातले व्हॅसलीन लावणे म्हणजे आगीला आमंत्रण.

नेत्राणीच्या पहिल्याच खेपेला डबीचा उपयोग झाला. होडी बेटाच्या आडोशाला लागली. हुबळीकडून आलेली एक विद्यार्थिनी मास्क चढवीत होती. पट्टा ओढला आणि तो कानाजवळ तटकन तुटला. तिचा चेहरा असा झाला, की जणू परीक्षेच्या दालनाच्या दारात हॉलतिकीट हरवले! जादा पट्टा बसवायला दोन मिनिटे लागली. तेवढ्यात होडीच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी टाकी उघडली आणि फस्स आवाज झाला. "निल्ली, निल्ली," करीत होडीवरचा पोरगा धावला आणि त्याने टाकी बंद केली. खाचेतले कडे कडेला चिरले होते. ते काढले, ब्रशने खाच पुसली, उद्यमबागेतले एक कडे बसवले. टाकी पुन्हा उघडली, आवाज नाही. पाण्यात धरून पाहिली, बुडबुडा नाही. मगच ती त्या गृहस्थांच्या पाठीवर गेली. मला त्या दिवशी डबीतली एकही वस्तू लागली नाही. पुढेही बहुधा असेच घडत आले आहे.

डबीत आणखी एक पितळी तुकडा आहे, त्याच्याविषयी सांगायलाच हवे. टाकीला रेग्युलेटर जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. योक पद्धतीत रेग्युलेटरचा शिकंजा टाकीच्या तोंडावर बसवून वरून आवळतात. डिन पद्धतीत आटे फिरवून तो टाकीच्या तोंडातच बसवतात. जर्मनीच्या मानक संस्थेच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. आपल्याकडे होड्यांवर टाक्या बहुतेक योकच्या असतात. डिनचा रेग्युलेटर घेऊन आलेला माणूस त्यांच्यापुढे हताश उभा राहतो. दोहोंना जोडणारा हा तुकडा असला की काम होते. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला याचे फारसे नवल वाटू नये. दोन पद्धतींच्या मध्ये बसणारा तुकडा खिशात बाळगतच तो लहानाचा मोठा झालेला असतो. हा अंकसुद्धा दोन लिप्यांचा आणि एका बांधणीचा आहे!

मालवण-मुर्डेश्वरला जाताना डबी कशीही भरली तरी चालते. गाडी आपली, रस्ता आपला. विमानाने जायचे झाले की तिचा हिशेब करावा लागतो. देशातल्या विमानात सामान बहुधा १५ किलोपर्यंत नेऊ देतात, आणि पाणबुड्याचे सामान तेवढे सहज भरते. टाकी आणि शिशाची वजने बरोबर न्यायची नसतात, ती तेथेच मिळतात. पण आपल्या मापाचा मास्क आणि आपला रेग्युलेटर आपलाच असावा लागतो. पाने आणि एलन की मोठ्या सामानात टाकाव्या लागतात, हातातल्या पिशवीत चालत नाहीत. लिथियमचे जादा सेल याच्या उलट. ते हातातल्या पिशवीतच न्यायचे, तेही तोंडे एकमेकांना लागणार नाहीत अशा बेताने. म्हणजे डबीचे दोन भाग होतात आणि दोन वाटांनी जातात. एकदा तपासणीच्या अधिकाऱ्याने कड्यांची पुडी उजेडात धरून विचारले, "ये क्या है?" मी म्हणालो, "रबर." त्याने ती परत केली. खरे तर याहून चांगले उत्तर मलाही सुचले नसते.

विमानाची ही गोष्ट अंदमानच्या प्रवासातली. पोर्ट ब्लेअरला उतरायचे, ज्याचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम् झाले, आणि तेथून बोटीने हॅवलॉक बेटावर जायचे, ज्याला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. नावे बदलली तरी अंतर तेच आहे. बेटावर एखादा भाग बिघडला तर तो मुख्य भूमीवरून येण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

तेथे होडीवर हैदराबादचा एक मराठी तरुण भेटला. दोन वर्षे पैसे साठवून तो आला होता. रेग्युलेटर त्याने कोणाकडून तरी जुना विकत घेतला होता. चार बुड्यांचे त्याने आधीच पैसे भरले होते, आणि ही त्यातली पहिली. टाकी उघडली, मिनिटभर सारे ठीक. मग तोंडातल्या टप्प्यातून बारीक बुडबुडे सुटू लागले, कोणी श्वास ओढत नसताना.

त्याच्या रेग्युलेटरला हवेचा ओघ कमीजास्त करायची एक घुंडी होती. ती त्याने आवळली. बुडबुडे थांबले.

"बघा, थांबलं," तो आनंदाने म्हणाला.

पाच मिनिटांनी ते पुन्हा सुरू झाले.

या लक्षणाचा अर्थ असा, की बिघाड तोंडाशी नसून टाकीवरच्या पहिल्या टप्प्यात असण्याचा संभव मोठा. आतल्या झडपेची बैठक झिजली की ती पुरती मिटत नाही; मधल्या नळीतला दाब हळूहळू चढत राहतो, आणि शेवटी तो दुसऱ्या टप्प्यातून वाट काढतो. घुंडी आवळणे म्हणजे रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवणे. आवाज थांबतो, दुखणे आत राहते. ते दुरुस्त करायचे तर पहिला टप्पा पुरता खोलावा लागतो, नवी बैठक घालावी लागते, दाबमापक लावून तो पुन्हा जुळवावा लागतो. हे शिकलेल्या माणसाचे काम, आणि तेही टेबलावर. हलत्या होडीवर नव्हे.

हे मी त्याला सांगितले. तो माझ्या उघड्या डबीकडे पाहत होता.

"सर, तुमच्याकडे पाना आहे, एलन की आहे, रिंगा आहेत. दहा मिनिटांचं काम आहे. मी यूट्यूबवर पाहिलंय. तुम्ही हात लावू नका, मला फक्त द्या."

होडीवर जादा रेग्युलेटर एकच होता आणि तो सकाळीच दुसऱ्या एका प्रवाशाला दिला गेला होता. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मागितलेली वस्तू माझ्या डबीत होती. आजीने पिन कोणाला नाकारलेली मी कधी पाहिली नव्हती. पण वीस मीटर खाली पाण्याचा दाब धरून एकूण दाब तीन बार होतो आणि एकेका श्वासाला वरच्या तिप्पट हवा लागते. तेथे हवेचा ओघ अनावर सुटला तर टाकी काही मिनिटांत रिकामी होते. स्टोव्ह बिघडला तर चहा राहतो, एवढेच.

मी डबी मिटली आणि म्हणालो, "नाही देणार." होडीवरच्या प्रशिक्षकानेही मान हलवली.

तो काही बोलला नाही. फिन काढून टपावर जाऊन बसला. आम्ही खाली गेलो. त्या बुडीत कोणते मासे पाहिले ते मला आज सांगता येणार नाही. होडीची सावली वर लख्ख दिसत होती आणि माझे लक्ष पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात होते, हे मात्र आठवते. त्याच्या चार बुड्यांपैकी त्या दिवशीच्या दोन गेल्या. दुसऱ्या दिवशी भाड्याचा रेग्युलेटर मिळाला आणि उरलेल्या दोन झाल्या. निघताना त्याने मला नमस्कार केला. बोलणे मात्र पहिल्या दिवसासारखे झाले नाही. त्याचा रेग्युलेटर पुढे कोणी खोलला का, आत काय निघाले, हे मला कळले नाही.

त्या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि पुन्हा तसाच आला तरी मी तेच करीन. सुटे भाग जवळ बाळगण्यात एक मोह दडलेला असतो. हातात पाना आला की सगळे जग आपल्याला आट्यांचे दिसू लागते, आणि आपण भारतीय माणसे तर चालवून घेण्यात वाकबगार! तुटलेला पट्टा, फाटलेला माउथपीस, चिरलेले कडे, संपलेला सेल यांना हात लावायला मला संकोच वाटत नाही. कारण त्यांचा भाग बदलला की दोष गेला की नाही, हे होडीवरच डोळ्यांनी पाहता आणि कानांनी ऐकता येते. जे दुरुस्त झाले की नाही हे खाली गेल्यावरच कळणार, ते होडीवर दुरुस्त करायचे नाही. माझ्या डबीत काय असावे आणि काय नसावे, हे मी याच एका कसोटीवर ठरवतो. पहिल्या टप्प्याची बैठक तिच्यात नाही, आणि नसणार.

आता सहामाही परीक्षा संपली की तुमच्यातले काही जण मालवणला किंवा मुर्डेश्वरला निघतील. जाण्यापूर्वी रेग्युलेटर जाणत्या माणसाकडून तपासून घ्या; ते काम घरी असतानाच होते. मग डबी भरा. पट्टे, पट्ट्या, ब्रश, ग्रीस, आणि उद्यमबागेतली दहा कडी. परत येताना त्यांतली सात-आठ दुसऱ्यांच्या टाक्यांवर गेलेली असतील. सोमवारी जाऊन पुन्हा घेऊन यावीत.